मनुष्यस्वभाव आणि चांगलें जगणें

(सत्यशोधक मेळाव्यांत झालेलें व्याख्यान)



आज मला बोलावयास दिलेला विषय नांवानें जड आहे, पण आंतून तो तुमच्या आमच्या ओटीवरचाच आहे. चांगलें कसें जगावें याचा निकाल मनुष्याच्या स्वभावावरून लावतां येईल काय, हा तो प्रश्न. पोथीचा आधार, राजाची आज्ञा आणि वाडवडिलांची वहिवाट हीं तिन्ही घटकाभर बाजूला ठेवलीं, आणि माणूस जसा आहे तसा त्यालाच साक्षीला उभा केला, तर नीति त्याच्यापासून निघेल काय? सत्यशोधकाला हा प्रश्न टाळून चालणार नाहीं. जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज काढला, तो देव आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको असें सांगूनच. दलाल गेला, पोथी मिटली. मग बरें-वाईट कशावरून ठरवावयाचें? हें ज्याला सांगतां येत नाहीं, त्याच्या घरीं दलाल मागच्या दारानें परत येतो.

स्वभाव हा शब्द आपल्या गांवांत दिवसांतून दहा वेळां निघतो. स्वभावाला औषध नाहीं, जित्याची खोड मेल्यावांचून जात नाहीं, असें म्हणून आपण पुष्कळ तंटे मिटवितों आणि पुष्कळ अन्याय पोटांत घालतों. नीट कान देऊन ऐकाल तर या शब्दाचा उपयोग दोन तऱ्हांनीं होतो. एक पक्ष म्हणतो, माणूस मूळचाच लोभी आणि आपमतलबी आहे. समता, सहकार हीं सारीं वाऱ्यावरचीं बोलणीं. दुसरा पक्ष म्हणतो, सर्व माणसांचा स्वभाव एक नाहींच; जशी जात तसा स्वभाव, आणि जसा स्वभाव तसें कर्तव्य. पहिला पक्ष आपणांस निराश करितो, दुसरा आपणांस बांधून टाकतो. दोघांचाहि हिशेब तपासला पाहिजे. दुसऱ्यापासून आरंभ करूं, कारण त्याचें देणें आपण पिढ्यान् पिढ्या फेडीत आलों आहों.

भगवद्गीतेच्या १८ व्या अध्यायांत ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य व शूद्र यांचीं कामें स्वभावापासून उपजलेल्या गुणांप्रमाणें वांटून दिलेलीं आहेत, आणि शूद्राच्या वांट्याला सेवा आली आहे. आजचे पुष्कळ विद्वान म्हणतात कीं तेथें गुण म्हटला आहे, जन्म म्हटलेला नाहीं. फार उत्तम. मग आम्ही इतकेंच विचारतों कीं गुण पाहून वर्ण ठरविण्याची परीक्षा कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं भरली होती, आणि तींत नापास झालेला भटजीचा मुलगा कोणत्या मांगवाड्यांत राहावयास गेला? परीक्षा कधीं झालीच नाहीं. निकाल मात्र बारशाच्या दिवशींच लागत गेला.

हा डाव एकट्या आपल्याच देशांत खेळला गेला असेंहि समजूं नका. ग्रीस देशांत इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत ॲरिस्टॉटल नांवाचा थोर पंडित होऊन गेला. चांगल्या जगण्याचा पाया मनुष्याच्या स्वभावांत शोधणाऱ्यांत तो अग्रेसर. बासरीवाल्याचें चांगलेपण बासरी चांगली वाजविण्यांत, तसें माणसाचें चांगलेपण माणसाचें जें खास काम, म्हणजे बुद्धीनें वागणें, तें चांगलें करण्यांत, असें त्यानें सांगितलें. विचार मोलाचा आहे. पण त्याच पंडितानें राजनीतीवरच्या ग्रंथांत लिहून ठेविलें कीं कांहीं माणसें स्वभावतःच गुलाम असतात. पुढें जवळ जवळ १९०० वर्षांनीं, १५५० सालीं, स्पेन देशांतील वायादोलिद शहरीं वाद भरला. अमेरिकेंतील मूळच्या लोकांना शस्त्रानें अंकित करणें न्यायाचें आहे काय, हा तेथील प्रश्न. सेपुल्वेदा नांवाच्या पंडितानें ॲरिस्टॉटलचें तेंच वाक्य पुढें केलें; लास कासास नांवाच्या पाद्र्यानें त्याला विरोध केला. वाक्य ग्रीसचें, तलवार स्पेनची, आणि मान अमेरिकेच्या शेतकऱ्याची!

आपल्याकडे इंग्रज सरकारनेंहि हेंच केलें. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्यानें कांहीं जमातींत जन्मलेलें मूल जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. मागून हा कायदा मुंबई इलाख्यासहि लागू झाला, आणि सोलापुरास तारेच्या कुंपणाआड माणसांची वसाहत उभी राहिली. स्वतंत्र हिंदुस्थानांत १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला. पण गांवांत चोरी झाली कीं पहिला हात पारध्याच्या पालावर पडतो, तो अजून पडतोच.

आणि आपण कुणबी काय सुटलों होतों? १८७५ सालीं सुप्यास व आसपासच्या तालुक्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यावेळीं शहाणे लोक सांगत कीं कुणबी स्वभावतः उधळ्या, लग्नांत पैसा उडवितो, म्हणून बुडतो. सरकारनें नेमलेल्या चौकशी मंडळानेंच पुढें नमूद केलें कीं लग्नाच्या खर्चाला कर्जाचें कारण म्हणून वाजवीपेक्षां फाजील महत्त्व दिलें गेलें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपून कापसाचा भाव कोसळला होता, सारा वाढविलेला होता, आणि कोर्टाचा कागद सावकाराच्या बाजूनें बोलत होता. या तीन धोंड्यांखालीं सांपडलेल्या माणसाला सांगावयाचें काय, तर तुझा स्वभाव वाईट!

आतां बैलाची गोष्ट घ्या. बैलाचा स्वभाव गरीब, असें आपण म्हणतों. पण खोंड जन्माला येतो तेव्हां तो गरीब असतो काय? आपण त्याला खच्ची करितों, नाकांत वेसण घालतों, मानेवर जूं ठेवून चाबकानें वळण लावतों, आणि मग पाहुण्यांना सांगतों कीं जातच मोठी गुणी! बैलाच्या बाबतींत हें कोणी बोललें तर आपण हंसतों. माणसाच्या बाबतींत हेंच बोलणें शास्त्र म्हणून ऐकतों. ज्याला अक्षर शिकूं दिलें नाहीं त्याला मंदबुद्धि म्हणणें, ज्याला पाणवठ्यावर येऊं दिलें नाहीं त्याला घाणेरडा म्हणणें, जिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकूं दिलें नाहीं तिला भित्री म्हणणें, हें सारें वेसण घालून स्वभाव वाचणें आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून हीच चोरी पकडली: बाईच्या माथीं मारलेले दुर्गुण पुरुषांत नाहींत काय, असें त्यांनीं रोखठोक विचारलें.

वेसण काढली म्हणजे काय होतें याचाहि पुरावा आहे. १८५५ सालीं फुल्यांच्या शाळेंतली मुक्ता ही मांगाची चौदा वर्षांची मुलगी निबंध लिहिते आणि तो ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापला जातो. महार-मांगांच्या दुःखाचा तो निबंध आजहि वाचतांना मोठे मोठे लोक थबकतात. शाळेंत येण्यास तिला थोडींच वर्षें मिळालीं. तेवढ्यानें हजारों वर्षांचा म्हटलेला स्वभाव कोठें गेला? कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं महार, मांग, रामोशी, बेरड या लोकांच्या हजेरीची पद्धत बंद केली. आणि ज्या फासेपारध्यांना जग चोर म्हणे, त्यांनाच पहाऱ्याच्या कामावर नेमलें. ज्याला कोणी विश्वासानें किल्ली दिली नाहीं, त्याला चोर म्हणणें सोपें असतें. महाराजांनीं आधीं विश्वास दिला आणि मग स्वभाव पाहिला.

तेव्हां जातीचा स्वभाव म्हणून जें सांगतात तें खोटें नाणें आहे. पण म्हणून स्वभाव नांवाची वस्तूच नाहीं असें म्हणूं नका. तसें म्हटलें तर आपलीच तक्रार लटकी पडेल. माणसाला स्वतःचा असा कांहीं स्वभावच नसता, तर त्याला गुलामगिरींत दुःख कां झालें असतें? माती कोणत्याहि सांच्यांत बसते आणि तक्रार करीत नाहीं. माणूस बसत नाहीं. ज्याअर्थीं तो जाचांत तळमळतो, त्याअर्थीं त्याच्यांत कांहीं तरी आहे कीं ज्याला तो जाच मानवत नाहीं.

पळसाला पानें तीनच. पालि ग्रंथांतील वासेट्ठ सुत्तांत भगवान बुद्धांचा युक्तिवाद आहे कीं गवत, झाडें, किडे, पशु, पक्षी यांच्यांत जन्मानेंच निरनिराळीं लक्षणें दिसतात. माणसामाणसांत तसें लक्षण दिसत नाहीं. आजचें शास्त्र हेंच रक्ताच्या थेंबावरून सांगतें. जगांतल्या कोणत्याहि दोन माणसांची जनुकांची अक्षरें मांडून पाहिलीं तर हजारांत सुमारें ९९९ सारखीं निघतात. आणि अक्षरें राहूं द्या, देह पाहा. सर्वांना भूक लागते, सर्वांना झोंप पाहिजे. गाईचें वासरू घटकेंत उभें राहतें. माणसाच्या पोराला वर्ष लागतें आणि हाताशीं येण्यास पंधरा वर्षें. म्हणून माणूस एकट्यानें वाढूंच शकत नाहीं. युरोपांतील रुमानिया देशांत १९८९ सालीं राज्यक्रांति झाली, तेव्हां तेथील अनाथालयांत हजारों मुलें आढळलीं. त्यांना अन्न मिळे, अंथरूण मिळे. उचलून घेणारा आणि बोलणारा हात मिळत नव्हता. तीं मुलें अंगानें खुरटलीं होतीं आणि बुद्धीनेंहि मागें पडलीं होतीं. त्यांतलीं जीं लहान वयांतच कुटुंबांत दिलीं गेलीं तीं पुष्कळ सुधारलीं. भाकरीइतकीच माया ही माणसाची गरज आहे, हें यावरून ठरलें. हें कोणत्या पोथीनें ठरविलें नाहीं. पोराच्या देहानें ठरविलें.

आतां पहिल्या पक्षाकडे वळूं, जो म्हणतो कीं माणूस मूळचाच आपमतलबी. १९८२ सालीं जर्मनींतील तीन अर्थशास्त्र्यांनीं एक प्रयोग केला. दोन अनोळखी माणसें घ्यावयाचीं. एकाच्या हातीं समजा १०० रुपये द्यावयाचे आणि सांगावयाचें कीं यांतला वांटा दुसऱ्याला देऊं कर. दुसऱ्यानें तो पतकरला तर दोघांनाहि आपापला वांटा मिळेल. त्यानें नाकारला तर दोघांनाहि कांहीं नाहीं. माणूस निव्वळ मतलबी असता तर पहिल्यानें एक रुपया देऊं केला असता आणि दुसऱ्यानें तोहि मुकाट्यानें घेतला असता. पण तसें घडलें नाहीं. पुष्कळांनीं निम्म्याच्या जवळपास वांटा देऊं केला. आणि फारच थोडा वांटा पुढें आला तर घेणाऱ्यांनीं स्वतःचा तोटा सोसून तो झिडकारला. गरिबालाहि अपमानाची भाकरी कडू लागते, हें आपल्या आज्या सांगत असत; आतां तें मोजून दाखविलें गेलें.

पुढें हाच प्रयोग जगांतल्या १५ लहान समाजांत झाला आणि त्याचे निकाल २००१ सालीं प्रसिद्ध झाले. पेरू देशाच्या जंगलांत माचिग्वेंगा लोक राहतात. त्यांचीं कुटुंबें आपापलें पिकवितात. घराबाहेरच्यांशीं देणें-घेणें थोडें. त्यांनीं सरासरी चौथ्या हिश्श्याच्या आसपास वांटा देऊं केला. इंडोनेशियांतील लामालेरा गांवचे कोळी देवमाशाची शिकार करितात. ती एकट्यादुकट्याचें काम नव्हे; होडीभर माणसांचा मेळ बसल्याशिवाय मासा हातीं येत नाहीं, आणि आल्यावर वांटणीचे नियम ठरलेले असतात. त्यांनीं निम्म्याहूनहि अधिक वांटा देऊं केला. यावरून काय दिसतें? न्यायाची चाड ही माणसांत बीजरूपानें आहे. पण तें बीं किती वाढावें हें कामाच्या रीतीवर अवलंबून आहे. जेथें सावड चालते, जेथें इर्जिकीला दहा औतें एका शेतांत जुंपतात, तेथें माणसाचा हात मोकळा होतो. जेथें प्रत्येकानें आपापलें दार लावून घेतलें, तेथें तोच हात आंखडतो.

येथवर सर्व सोपें आहे. आतां अवघड जागा येते, आणि ती लपविणें सत्यशोधकाला शोभणार नाहीं. माणसाच्या स्वभावांत माया आहे, न्यायाची चाड आहे, हें खरें. पण मत्सरहि आहे. दुबळ्याला चिरडण्याची हौस आहे. आपला आणि परका हा भेद आहे. शेतांत ज्वारी उगवते तशी हरळीहि उगवते, आणि हरळीला तर पेरावेंहि लागत नाहीं. मग स्वाभाविक तें चांगलें असें कोणत्या तोंडानें म्हणावें? स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूम या तत्त्ववेत्त्यानें १७४० सालीं छापलेल्या ग्रंथांत हाच आक्षेप घेतला आहे. लोक बोलतांना ‘असें आहे’ येथून सुरुवात करितात आणि कोणाच्या ध्यानांत येण्यापूर्वींच ‘असें असावें’ येथें उडी मारतात. मधला पूल कोठें आहे तें सांगत नाहींत. आक्षेप बरोबर आहे. चातुर्वर्ण्यवाल्यांनीं तीच उडी मारली. आपणहि तशीच मारली तर त्यांना हंसण्याचा आपणांस अधिकार राहणार नाहीं.

माझें उत्तर शेतकऱ्याचें आहे. ज्वारीचा स्वभाव तुम्हांला ठाऊक आहे. तिच्या मुळांशीं पाणी साचलें कीं ती पिवळी पडते. भात मात्र चिखलांत उभें राहतें. हें कळल्यावर ज्वारीला काय मानवतें आणि काय नाहीं याबद्दल तुमच्यांत वाद राहत नाहीं. तिच्या स्वभावानें तिच्या भल्याचा निर्णय दिला. मनुष्याचेंहि तसेंच आहे. उपास, एकटेपणा, अपमान, अज्ञान आणि भय यांत माणूस खुरटतो. हें मत नव्हे, ही पाहणी आहे. तेव्हां माणसाचें भलें कशांत, हें स्वभावावरून कळतें. येथपर्यंत पूल पक्का आहे.

पण ज्वारी आणि माणूस यांत एक फरक आहे, आणि सारी नीति त्या फरकांत आहे. ज्वारी आपण आपल्यासाठीं वाढवितों. तिचें भलें पाहावयाचें तें कणगी भरावी म्हणून. माणूस कोणाच्या कणगीसाठीं जन्मलेला नाहीं. ज्यानें सांगितलें कीं तुझा स्वभाव माझी सेवा करण्याचा आहे, त्यानें माणसाला पीक समजून मोजलें. जें मला खुपतें तें त्यालाहि खुपतें हें दिसत असतां, माझें खुपणें तेवढें खरें आणि त्याचें खोटें, असें म्हणण्याला त्याच्यापाशीं आधार कोणता? एक देह, एक भूक, एक लाज. मग मापें दोन कां? खोट्या मापाचा व्यापारी आपण बाजारांत धरतों. नीतींतला खोट्या मापाचा व्यापारी तो हाच. जोतीरावांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ त्यांच्या मागून १८९१ सालीं निघाला. स्त्री व पुरुष दोघेहि जन्मतः स्वतंत्र व सर्व हक्क उपभोगण्यास पात्र, हा त्यांतला मुख्य मुद्दा. त्यांनीं तो निर्मीकाच्या नांवानें मांडला. ज्याचा निर्मीकावर विश्वास असेल त्यानें तसा घ्यावा. ज्याचा नसेल त्यानें माणसाचा देह साक्षीला घ्यावा. निवाडा एकच येतो.

म्हणून मी म्हणतों कीं स्वभाव हा नीतीचा पाया आहे, घर नव्हे. पाया पाहून कळतें कीं भिंत कोठें उभी राहील आणि कोठें खचेल. घर आपण सर्वांनीं मिळून बांधावयाचें असतें. आणि शहाणा गवंडी भुसभुशीत जमीनहि विचारांत घेतो. खानदेशांत पांझरा वगैरे नद्यांवर फड बागायतीची जुनी पद्धत आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले असतात, आणि सामान्यतः एकेका शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत असते. म्हणजे पाणी कमी पडलें तर तोटा एकट्याच्या अंगावर येत नाहीं. शेताला पाणी मालकानें स्वतः द्यावयाचें नाहीं; गांवानें नेमलेला पाटकरी देतो. हा नियम ज्यांनीं केला त्यांना माणसाची माया ठाऊक होती तसा लोभहि ठाऊक होता. त्यांनीं लोभाची पूजा केली नाहीं आणि तो नाहींच असेंहि सोंग आणलें नाहीं; त्याच्याभोंवतीं बांध घातला. स्वभाव ओळखून केलेली नीति ती ही.

कोणी म्हणेल, माणसाचें भलें पोटभर जेवण्यांत आणि सुखानें झोंपण्यांत असेल तर सावित्रीबाईंचें काय? प्लेगच्या रोग्यांची सेवा करितां करितां त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या गेल्या. त्या चांगल्या जगल्या नाहींत काय? जगल्या, आणि आपणां सर्वांहून चांगल्या जगल्या. आरामांत जगणें आणि चांगलें जगणें या दोन वस्तू आहेत. दुसऱ्याचें मूल आपलें म्हणून उचलणें हेंहि माणसाच्याच स्वभावांत आहे, आणि त्याचें तें टोंक. पण ध्यानांत ठेवा, तो मार्ग त्यांनीं स्वतः धरला. त्यांच्यावर कोणीं लादला नाहीं. स्वतः उचललेलें ओझें आणि पाठीवर लादलेलें ओझें यांचें वजन तराजूंत सारखें भरतें, पण जीवनांत नाहीं.

हें सारें आपणांस कशासाठीं पाहिजे तें आतां सांगतों. मराठवाड्यांतून दर साल दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला तर तो पैशानें भरून द्यावा लागतो. बाईला पाळी येते, पोट दुखतें, फडांत ना आडोसा ना पाणी. पण ऊस थांबत नाहीं. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतून बातम्या आल्या कीं अशा बायांनीं ऐन तरुणपणीं पिशवी काढून टाकण्याचा मार्ग धरला आहे. राज्य सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. सुमारें ८२ हजार ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यांत १३ हजारांहून अधिक बायांची पिशवी काढलेली आढळली.

मायबहिणींनो, खोंडाची गोष्ट मीं मघां सांगितली ती हंसण्यासाठीं नव्हती. काम माणसाच्या देहाला जुळवून घेण्याऐवजीं देहच कापून कामाला जुळविला गेला. आणि कोणी विचारलें तर उत्तर तयार असतें कीं बाईनें स्वखुशीनें कागदावर अंगठा दिला. खुशी ती कीं जिला दुसरी वाट मोकळी असते. उचल फिटली नाहीं, घरीं पाऊस नाहीं, खाड्याचा दंड डोक्यावर. अशा ठिकाणीं दिलेला अंगठा हा सावित्रीबाईंचा त्याग नव्हे, तो वेसणीचा हिसका आहे.

यास्तव कोणतीहि रूढि, कोणताहि करार, कोणताहि कायदा पुढें आला म्हणजे तीन प्रश्न विचारण्याची संवय घरोघर लागली पाहिजे. यानें कोणाची भूक, माया, अब्रू किंवा बुद्धि मारली जाते काय? ज्यानें हा नियम केला तो स्वतःच्या लेकीला आणि सुनेला हाच नियम लावील काय? आणि ज्याच्यावर तो लागतो त्याला विचारलें होतें काय, व नाहीं म्हणण्याची वाट त्याला मोकळी होती काय? या तीन प्रश्नांना पोथी लागत नाहीं, संस्कृत लागत नाहीं, मोठी पदवीहि लागत नाहीं.

पण हे प्रश्न भटजीच्या वाड्यावर नेण्यापूर्वीं आधीं आपल्या उंबऱ्यावर विचारा. वरच्यानें आपल्याला जातीवरून हिणविलें तर आपण सभा भरवितों. आणि आपणच खालच्याला तेंच ऐकवितों. मुलगा अभ्यासांत मागें पडला तर शिकवणी लावतों. मुलगी पहिली आली तरी ‘बाईची जात’ म्हणून सातवीं-आठवींतच तिच्या लग्नाची बोलणी सुरू करितों. सुतार, लोहार, कुंभार यांचा धंदा जातीचा गुण म्हणून वाखाणतों, पण त्यांच्या पोराला दुसरा धंदा करावासा वाटला तर भुंवया उंचावतों. हीं मापें कोणाच्या दुकानचीं आहेत? दुसऱ्याचें खोटें माप मोडावयास निघालेल्यानें आपल्या ओट्यावर तेंच माप ठेवूं नये.

उसाच्या टोळ्या जातात त्या गांवांनीं इतकें तरी ठरवावें कीं पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा कापूं दिला जाणार नाहीं, फडावर बायांसाठीं आडोसा आणि पाणी असल्याशिवाय कोयता उचलला जाणार नाहीं, आणि मुकादमाशीं करार करितांना बायको नवऱ्याच्या मागें न बसतां समोर बसेल. एकट्या घरानें हें म्हटलें तर मुकादम दुसरें घर पाहील. सबंध टोळीनें म्हटलें तर त्याला थांबावें लागेल. लामालेराच्या कोळ्यांना जें समुद्रानें शिकविलें, तें आपणांस फडानें शिकविलें पाहिजे.

स्वभावाला औषध नाहीं, ही म्हण मी आज थोडी निराळी लावतों. माणसानें माणसासारखें जगावें, ही जी माणसाच्या पोटांतली ओढ आहे तिला खरोखरच औषध नाहीं. ती हजारों वर्षांच्या वेसणीनें मेली नाहीं, शिव्यांनीं मेली नाहीं, कायद्यांनींहि मेली नाहीं. त्या ओढीवर भरंवसा ठेवून आपण कामाला लागूं. 

सत्यमेव जयते.